कामावरून घरी आलेलं शिसं

उन्नतीला मी तीनदा जंताचं औषध दिलं होतं. आठ वर्षांची पोर, पोटात कळ आली की दुमडून बसायची. चौथ्या वेळी तिला गोखिवऱ्याच्या आमच्या दवाखान्यात घेऊन आल्या त्या तिच्या वर्गशिक्षिका, सँड्रा टीचर.

"डॉक्टर, ही वर्गात सगळ्यांच्या पुढे असायची. आता वाचताना ओळ हरवते," त्या म्हणाल्या. "आणि ही एकटी नाही. हिच्याच चाळीतली आणखी पाच मुलं अशी झालीत."

ती पाचही मुलं माझ्याकडे येऊन गेली होती, वेगवेगळ्या दिवशी. मला एकदाही शंका आली नव्हती.

सहाही जणांचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट हातात आला. सहाही जणांच्या रक्तात शिसं होतं. पाचच्या खाली हवा तो आकडा उन्नतीचा पंचेचाळीसच्या वर.

पहिला संशय पाण्यावर गेला. पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर सुमेध यांनी त्याच दिवशी चाळीतून नमुने नेले. पाणी स्वच्छ निघालं. "मॅडम, या मुलांचे वडील काम काय करतात?" त्यांनी विचारलं.

हे मी कधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी सँड्रा टीचर, सुमेध आणि मी चाळीत गेलो. उन्नतीचे वडील जितेंद्र शिशासाठी जुन्या बॅटऱ्या वितळवायच्या गाळ्यातून नुकतेच परतले होते; बाकी पाच मुलांचे वडीलही तिथेच कामाला होते. शर्टावर, केसांत राखाडी भुकटी. उन्नती धावत जाऊन त्यांच्या कमरेला बिलगली.

"बाजूला करा तिला!" मी ओरडलेच.

त्या भुकटीत शिसं आहे आणि ते अंगावरून, कपड्यांवरून घरी येतं, हे सांगितल्यावर जितेंद्रनी लेकीचे हात हळूच सोडवले आणि ते भिंतीपर्यंत मागे सरकले. "म्हणजे मीच तिला..."

उन्नतीला इस्पितळात हलवलं. सुमेधनी कारखाने निरीक्षकांना गाठलं. कामगारांसाठी अंघोळीची आणि कपडे धुण्याची सोय होईपर्यंत गाळा बंद राहिला. सँड्रा टीचरनी घरोघरी जाऊन ओल्या फडक्याने भुकटी पुसून घेतली.

पाच महिन्यांनी आकडा अठरावर आला. पोटदुखी थांबली.

"डोकं पहिल्यासारखं चालेल ना तिचं?" जितेंद्रनी विचारलं.

आकडा उतरला तरी शिशाने मेंदूचं केलेलं नुकसान सगळं भरून येत नाही, हे मी त्यांना सांगितलं.

मग ते म्हणाले, "असे गाळे अजून आहेत, मॅडम. तिथल्या कामगारांच्या पोरांचं रक्त तपासलंय कुणी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणलेल्या कागदावर एकेचाळीस मुलांची नावं होती.