मागून आलेली हाक

माझ्या सासूबाई, रुक्मिणीबाई, पिंपरी कॅम्पात आहेरात द्यायच्या साड्या घेतात त्याची एक रीत आहे. भाव ऐकायचा, नाक मुरडायचं आणि उठून चालू लागायचं. दोन-तीन दुकानं ओलांडायच्या आत मागून हाक येतेच, "ओ मावशी, या, तुमच्या मनासारखं करू."

लेकीच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, साखरपुड्यासाठी मात्र त्यांना वाकडच्या मॉलमधली साडी आवडली. डाळिंबी रंगाची, बारीक काठाची. जन्मभर आहेरात आलेल्या साड्या नेसलेल्या बाईनं पहिल्यांदाच स्वतःसाठी काही निवडलं होतं, आणि तशी एकच साडी उरली होती.

त्यांनी दुकानातल्या मुलीला, मिनलला, विचारलं, "किती सोडशील?"

"काकू, फिक्स रेट आहे."

झालं, सासूबाई उठल्या. मी हळूच म्हटलं, "आई, इथं कमी करत नाहीत."

"समदेच तसं म्हणत्यात," म्हणून त्या निघाल्या.

मला त्यांना अडवता आलं असतं. पण खरं सांगते, हाक आली नाही तर ही बाई काय करते, ते मला बघायचंच होतं.

त्या सावकाश चालल्या. चपलांच्या दुकानापाशी रेंगाळल्या, मोबाइलच्या दुकानाची काच निरखली. मागे मात्र वळल्या नाहीत, कारण वळलं की संपलं. शेवटी सरकत्या जिन्यापाशी थांबून पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. इकडे मिनल साडीची घडी घालायला लागली होती. मला एकदम वाईट वाटलं.

मी धावत आत गेले. "त्यांना एक हाक मार ना. किंमत कमी करू नकोस, नुसती हाक मार."

"मॅडम, आम्हाला असं ओरडून बोलवायला मनाई आहे," मिनल म्हणाली. तरी सुपरवायझर कुठे आहे ते बघून ती दारापर्यंत आली. "ओ काकू, या की. अशा कशा जाता?"

सासूबाई लगेच वळल्या नाहीत. जरा वेळानं, उपकार केल्यासारख्या परत आल्या आणि पूर्ण किंमत देऊन साडी घेतली.

रिक्षात मी विचारलं, "आई, कमी तर काहीच झालं नाही. मग घेतलीत कशी?"

त्यांनी पिशवी मांडीवर नीट घेतली. "न्हाई झालं तर न्हाई झालं. पन ज्या दुकानाला आपून नगं, तिथली साडी लेकीच्या साखरपुड्यात नेसू व्हय? पोरीनं आपल्या मनानं बोलावलं, म्हनून घेतली."