शेवटून खायची संख्या

माझ्या बेकरीत नवऱ्याला मी एकटं सोडत नाही. माल उरत नाही मग. पण नणंदेच्या निरोपाचा केक मोठा होता, गाडी मला चालवायची होती, म्हणून खोका त्याच्या मांडीवर दिला आणि तिथेच फसले.

नणंद कॉलेजात गणित शिकवायची. आज शेवटचा दिवस. तिला फक्त एक शेवटचा तास घ्यायचा होता, तर प्राचार्य म्हणाले, "तास कसला मॅडम, आज तुमचा सत्कार." तेव्हापासून बाईंचं तोंड पडलेलं. मलाही वाईट वाटलं. म्हणून तिची लाडकी संख्या बिस्किटांच्या आकड्यांनी केकवर मांडली: ७३९३९१३३. एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानेच भाग जात नाही. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. कुणालाच दाद न देणारी, थेट आमची नणंद.

सत्कार एका वर्गातच होता. खोका उघडला तर ७३९३९. शेवटचे तीन आकडे गायब आणि नवऱ्याच्या मिशीत चुरा.

"अरे, लाज आहे का तुला?" मी सगळ्यांदेखत म्हणाले. मला रडूच फुटलं.

"भूक लागली होती," तो म्हणाला.

नणंद केककडे बघत होती. "शेवटून खाल्लास?"

"हो ताई. एकेक."

ती उठली ती थेट फळ्याकडे. "ही संख्या शेवटून एकेक आकडा खात जा," ती म्हणाली, "उरते ती मूळच. समोरून खाल्लीत की वाट लागली. हा सात उचला, ३९३९ उरतील, आणि त्याला तिनाने सरळ भाग जातो."

प्राचार्यांनी हसत शेवटच्या नवाकडे हात नेला. तिने त्या हातात खडू ठेवला. "आधी सिद्ध करा. नऊ गेल्यावर उरलेल्या ७३९३ ला भाग जात नाही ना? त्र्याऐंशीपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की पुरे."

"मॅडम, माझं भाषण..."

"नंतर."

प्राचार्य सतराच्या पाढ्यात अडकले. कुणीतरी बाकावरून हळूच उत्तर पुरवलं, तर ती म्हणाली, "त्यांना स्वतः करू द्या." लोक पोट धरून हसत होते. ताईंचा आवाज वर्गभर नीट ऐकू येत होता आणि गालांवर रंग चढला होता. किती दिवसांनी बघत होते मी तिला अशी.

मी नवऱ्याच्या कानाशी लागले. "नशीब तुझं, शेवटून खाल्लंस."

"नशीब कसलं? लहानपणी ही संख्या पाठ झाल्याशिवाय ताई मला खेळायला सोडायची नाही."

"म्हणजे मुद्दाम? मग मला आधी सांगायचं ना!"

"तू रडली नसतीस. तिला लगेच कळलं असतं."

मी त्याला सणसणीत चिमटा काढला. तो ओरडला.

"मागचे दोघं," फळ्याकडून आवाज आला, "बोलायचं असेल तर वर्गाबाहेर."

आम्ही मुकाट्याने बाकावर बसलो.