भोंग्याचा लिलाव

"प्रत्येक घरानं आपली सर्वांत लाडकी वस्तू द्यावी," असं चष्मेवाल्यांनी इमारतीच्या सभेत छातीवर हात ठेवून सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बायकोचं शिवणयंत्र होतं. माणूस त्यागावर बोलायला उभा राहिला की डोळ्यांसमोर सहसा दुसऱ्याचीच वस्तू असते.

त्यागाला कारणही तसंच होतं. चष्मेवाल्यांची लेक परदेशात डॉक्टर. तिकडच्या घनदाट जंगलात, नदीकाठी राहणाऱ्या आदिवासींकडे ती बोटीतून दवाखाना घेऊन जायची. आता बोटीच्या इंजिनानं मान टाकली होती. नव्या इंजिनासाठी लिलाव करायचं ठरलं.

लिलावाच्या सकाळी चष्मेवाले खाली उतरले. टेबलावर कुणाची मासे पकडायची काठी होती, कुणाची आरामखुर्ची शेजारी मांडली होती आणि मधोमध, घासूनपुसून लख्ख केलेला, त्यांचा ट्रम्पेट.

"अगं, हे काय?"

"नियम तुमचाच," बायको म्हणाली. "शिवणयंत्र लाडकं नाहीये हो माझं. नुसतं उपयोगाचं आहे."

चष्म्यांचं दुकान बंद करून आले की चष्मेवाले रोज गॅलरीत ट्रम्पेट वाजवत. धून एकच, आणि तिच्यातला तिसरा सूर हमखास घसरायचा. शेजारी त्यांना पाठीमागे 'भोंगा' म्हणत; अलीकडे तोंडावरही म्हणू लागले होते. पण दिवसभर लोकांचे नंबर तपासून आंबलेल्या जिवाला तेवढाच एक विसावा होता. तो हातचा जाऊ द्यायचा नाही, असं ठरवून त्यांनी पहिली बोली लावली.

पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी ती वाढवली.

चष्मेवाले चमकले. मास्तरांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी आकडा चढवला, मास्तरांनी त्यावर चढवला. मग त्यांचं मास्तरांच्या पाठीमागे लक्ष गेलं. अख्खी इमारत तिथे पाकिटं उघडून उभी होती.

"वर्गणी काढलीत?"

"माणुसकीसाठी," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "आणि थोडीशी झोपेसाठी."

चष्मेवाले आणखी एकदा तोंड उघडणार, तोच बायकोनं कोपर दाबलं. "अहो, आता पुढे बोललात तर दुकान लिलावात काढावं लागेल."

लिलाव पुकारणाऱ्या त्यांच्या मेव्हण्यानं हातोडा म्हणून आमटीचा डाव टेबलावर आपटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. इंजिनाचे पैसे तर जमलेच, वर लसी ठेवायच्या फ्रिजचेही निघाले.

हे सगळं लॅपटॉपवरून बघणारी लेक खुशीत ओरडली, "बाबा, निरोपाचं म्हणून एकदा वाजवा ना!"

मास्तरांनी जड हातानं ट्रम्पेट परत दिला. चष्मेवाल्यांनी जीव ओतून वाजवलं. तिसरा सूर नेहमीच्या जागी घसरला.

पडद्यावर लेकीशेजारी बोटीवरची नर्स बसली होती. ती त्याच आदिवासींपैकी. ती एकदम सरसावली आणि काहीतरी भराभर बोलली. लेक हसायला लागली.

"ती म्हणतेय, हे आम्हाला द्याल का? जंगल तोडणाऱ्या लाकडाच्या ठेकेदारांच्या बोटीही आमच्या बोटीसारख्याच धडधडतात. आवाज आला की ठेकेदारच आले समजून लोक जंगलात आत निघून जातात आणि आम्ही औषधं घेऊन काठावर ताटकळत बसतो. खुणेचा आवाज हवाय."

"पण ट्रम्पेट काय, ठेकेदारही वाजवेल की," मेव्हण्यानं शंका काढली.

लेकीनं विचारलं. नर्सनं शांतपणे उत्तर दिलं.

"ती म्हणतेय, असा नाही वाजवणार."

इमारत पोट धरधरून हसली. सर्वांत मोठ्यांदा हसले चष्मेवाले. ट्रम्पेट त्यांनी स्वतः मऊ कापडात गुंडाळून पाठवला.

पुढे एका रविवारी लेकीनं व्हिडिओ पाठवला. बोट वळणावर आली, नर्सनं गाल फुगवले आणि घसरत्या तिसऱ्या सुरासकट ती धून नदीवर पसरली. झाडांआडून आधी पोरं धावत आली, मग बायाबापड्या. एक म्हातारी एका हातानं कान झाकून हसत होती; दुसरा दंड तिनं सुईसाठी आधीच पुढे केला होता.

खाली लेकीचा निरोप: 'हिचा दम पुरत नाही. दर रविवारी शिकवाल का?'

"शिकवीन की," चष्मेवाले म्हणाले, "पण वाजवू कशावर?"

सगळी इमारत एकमेकांची तोंडं बघू लागली. शेवटी मास्तरांनीच उसासा टाकून पाकीट काढलं. वर्गणी पुन्हा फिरली.

"निदान या वेळी तेवढा तिसरा सूर सुधारा, भावोजी," मेव्हणा म्हणाला.

"खबरदार!" मास्तर कडाडले. "तिकडे लोक त्यालाच ओळखतात."