सासूबाईची लीद

डोंगरमाथ्यावरच्या कुरणात घोडे न्यायचे तर त्याआधी तीन दिवस त्यांना गवताची काडीही दाखवायची नाही, हा ताईचा कायदा होता. तीन दिवस नुसता भरडा, तोही दोनदा चाळून, तोबऱ्यात भरून. कारण घोड्याच्या पोटात गेलेलं बी मरत नाही. दोन-तीन दिवस आत मुक्काम ठोकतं आणि लिदीतून बाहेर पडतं, वर खताची शिदोरी बांधून घेऊनच. खोऱ्यातलं एक काटेरी झाड असंच डोंगर चढतं. त्याला सगळे घरजावई म्हणत. एकदा आला की हलत नाही आणि घरच्यांना उपाशी ठेवतो.

पलीकडच्या डोंगरावर असंच एक कुरण होतं. ताई सात वर्षांची असताना तिथली फुलं तिच्या कमरेला लागत. आता तिथे घरजावई इतका माजला होता, की म्हणे वाट चुकलेला एक ससा आत गेला तो साळिंदर होऊन बाहेर आला. ते बी कुणाच्या घोड्यांनी वर नेलं, हे ताईला विचारायची कुणाची छाती नव्हती. पागा तिच्या बापाची होती.

म्हणून हे उरलेलं कुरण तिनं डोळ्यात तेल घालून जपलं होतं. दर उन्हाळ्यात ती पाहुण्यांना चार दिवस घोड्यावरून वर न्यायची आणि कुरण कसं जगतं ते शिकवायची. तिचा धाकटा भाऊ पागा आणि चूल सांभाळायचा. यंदा चार पाहुण्यांबरोबर कुरणखात्याच्या बाईही आल्या होत्या. घोडे वर न्यायचा परवाना त्यांच्या सहीनं मिळायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईनं सगळ्यांना गोल बसवलं आणि समोर ताज्या लिदीचा गोळा ठेवला.

"नाकं सोडा. यात आख्खं गाव असतं," ती म्हणाली. "किडे हिचे तुकडे करून जमिनीत नेतात. इथं माती किती? वीतभर. तीही साठायला हजार वर्षं लागली."

"चहा झाल्यावर दाखवलं असतं तर चाललं असतं," पाहुण्यांतला दातांचा डॉक्टर पुटपुटला.

"तुम्ही दिवसभर लोकांच्या तोंडात बघता, डॉक्टर. हे त्याहून स्वच्छ आहे."

सगळे हसले. ताईनं हसतहसतच गोळा फोडला, आणि हसू तिथंच थिजलं. आत तांबूस, चकचकीत, तिळाएवढे दाणे होते. एक, दोन, सहा. मग तिनं मोजणं सोडलं.

मास्तरणीला मुलांचं अक्षर ओळखू यावं तशी ताईला प्रत्येक घोड्याची लीद ओळखू यायची. ही सासूबाईची होती. सासूबाई म्हणजे पागेतली सगळ्यात म्हातारी घोडी. कुणीही पाठीवर बसलं की आधी मान वळवून त्याला नापसंतीनं बघायची.

ताई ओरडली की घाबरायचं कारण नसायचं. ती आवाज खाली आणायची तेव्हा मात्र घोडेसुद्धा कान पाडायचे.

"धाकट्या," ती हळू म्हणाली, "इकडे ये."

भाऊ चुलीपाशी कप विसळत होता. तो आला, तिच्या तळहातावरचे दाणे पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"काय घातलंस हिला?"

"भरडाच की."

"भरड्यात घरजावयाचं बी असतं का रे?"

भावानं एकदा खात्याच्या बाईंकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. "ताई, नंतर बोलू. पाया पडतो."

"आत्ता. इथं. सगळ्यांसमोर."

"थोडंसंच गवत घातलं," तो म्हणाला. "रोज एक पेंढी. ओढ्याकाठचं. नुसत्या भरड्यानं तिच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या गं. गेल्या साली या मॅडमनीच शेरा मारला होता ना, घोडी अशक्त दिसते म्हणून? यंदा परवानाच गेला असता. तुझ्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी!" ताईचा आवाज आता चढला. त्या आवाजानं समोरच्या सुळक्यावरचा ढग उठून दुसऱ्या खोऱ्यात गेला म्हणतात. "कुरण विकून मला परवाना आणून देणार होतास? बापानं एक डोंगर घालवला, तू दुसरा घालव! घराणं आहे ना आपलं! वर कौतुकानं सांगतोय, एक पेंढी! घरजावयाला काय वरात लागते? एक आला तरी पुरतो!"

"म्हातारी झालीय ती, ताई. तोबऱ्यात तोंड घालून माझ्याकडे बघत बसायची."

"तिच्या डोळ्यांत बघितलंस, पोटात काय जातंय ते नाही बघितलंस!"

पाहुणे जमिनीकडे बघत होते. खात्याच्या बाई घसा खाकरून उठल्या.

"ताई, शांत व्हा बरं. एका घोडीनं काय होतंय? आणि मी तर काही पाहिलेलंच नाही." त्यांनी वही मिटली. "वेचून टाकू आणि उद्या ठरल्याप्रमाणे खाली जाऊ."

त्यांचं मन इतकं मोठं का झालं, हे ताईला लगेच कळलं. नियम असा होता, की घोड्याच्या पोटात बी सापडलं तर सगळे घोडे त्याच दिवशी कोरड्या ओहोळातून खाली न्यायचे. तिथं नुसता दगड, बी रुजायला माती नाही. पण त्या वाटेनं घोड्यावर बसून जाता येत नाही. अकरा मैल पायी. आणि बाई आदल्या दिवशीच टाचेच्या फोडावर फुंकर घालत बसल्या होत्या.

"मॅडम, हा नियम कुणी केला?"

"खात्यानं."

"मग खात्याला टाच आहे म्हणून तो मोडतो का? हा माझा गाढव भाऊ, यानं मायेपोटी माती खाल्ली. तुम्ही कशापोटी खाताय?"

"तोंड सांभाळून बोला! तुमचंच भलं बघतेय. हे लिहिलं तर परवाना वर्षभरासाठी जाईल. पुढच्या उन्हाळ्यात एकही घोडा वर येणार नाही."

"ताई, ऐक गं त्यांचं," भाऊ म्हणाला. "पागा चालणार कशी?"

ताईनं मागे वळून पाहिलं. आठही घोडे खुंटाला उभे होते. मग तिनं खाली पडलेली बाईंची पेन्सिल उचलून त्यांच्या हातात दिली.

"लिहा."

बाईंनी रागारागानं वही उघडली. "कारण काय लिहू?"

"लाड. लिहा. लाड."

मग सगळ्यांनी मिळून लीद वेचली. दोन दिवसांत कुरणात पडलेली, आठही घोड्यांची, कारण आता ताईचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. पिठाच्या रिकाम्या पोत्यांत भरली. डॉक्टर ओणवा होऊन चिमट्यानं दाणे उचलत होता. बाईंनीही हातमोजे चढवले, पण दर गोळ्याला एक सुस्कारा टाकला. सासूबाई मात्र शांतपणे उभी राहून मागे आणखी काम वाढवत होती.

भाऊ पोतं घेऊन ताईच्या शेजारी वाकला. तिनं ते त्याच्या हातातून हिसकावलं.

"तुझं काम वेगळं आहे. जे राहिलं असेल ते पंधरा दिवसांत मान वर काढेल. मुळासकट उपटायचं. बर्फ पडेपर्यंत दर पंधरवड्याला चढून यायचं. पायी."

"एकटा?"

"मीही येईन."

त्याचा चेहरा उजळला.

"पण मी पुढे चालणार आणि तू मागे," ताई पोत्याचं तोंड करकचून बांधत म्हणाली. "वाटेत तुझं थोबाड दिसायला नको."