कोळसा वाचवणाऱ्या शाळेतला बंब

मित्रांनो, मी एक जुना बंब आहे. आंघोळीचे पाणी तापवणारा नव्हे बरं, अख्खी शाळा ऊबदार ठेवणारा! मोराव्हा नदीकाठच्या एका सर्बियन खेड्यातल्या शाळेच्या तळघरात माझा जन्म गेला. शाळेचे शिपाई राडिसावकाका माझ्या पोटात कोळसा टाकत आणि मी नळांतून गरम पाणी वर्गावर्गात पाठवत असे. नळांशेजारीच कोटाच्या खुंट्या होत्या. पोरांनी कोट अडकवले की त्याची खडखड मला खाली ऐकू यायची.

मग पहिलीच्या वर्गाचे छप्पर गळू लागले. मुख्याध्यापिका विदोसावाबाई तालुक्याच्या कचेरीत खेटे घालून दमल्या. छपराला पैसे नाहीत म्हणे! कोळशाचे मात्र दरवर्षी वेगळे मिळत. एके दिवशी बाई तळघरात आल्या.

"काका, कोळसा निम्माच टाका. उरेल त्यातून छप्पर करू."

"बाई, पोरं गारठतील हो!"

"कोट घालून बसतील. डोक्यावर पाणी गळण्यापेक्षा बरं ना?"

त्या हिवाळ्यात मी अर्धपोटी राहिलो. खुंट्या रिकाम्याच. नळांतून खोकल्याचे आवाज यायचे आणि माझा जीव तुटायचा.

वर्ष संपताच कचेरीतले साहेब आले. त्यांनी बाईंना काटकसरीचे प्रशस्तिपत्र दिले. बाईंनी छपराचा विषय काढला.

"उरले म्हणजे लागतच नव्हते ना, बाई! ते परत जमा करा. यंदा कोळशाला निम्मेच देऊ."

"अहो, पोरांना कुडकुडत ठेवून वाचवलेत ते!"

साहेबांनी टोपी घातली आणि ते निघून गेले.

पुढच्या हिवाळ्यात कोळसा निम्मा आणि छप्पर गळकेच. कंटाळून बऱ्याच आयांनी मुले शहरातल्या शाळेत घातली. पट घटला, म्हणून शाळा बंद करण्याचा हुकूम आला.

शेवटच्या दिवशी बर्फ पडत होते. बाई खाली आल्या. कोपऱ्यात जपून ठेवलेला थोडा कोळसा होता.

"काका, सगळा टाका."

"सगळा?"

"आता कुणासाठी वाचवू हो?"

मी जीव खाऊन पेटलो. थोड्या वेळाने वर खडखड झाली. एक कोट खुंटीला लागला. मग दुसरा. मग सगळेच. बाईंनी ते ऐकले आणि कोळशाचा ढीग असायचा त्या रिकाम्या जागीच बसून त्या हमसून हमसून रडल्या.

आता मी गंजत पडलो आहे. मित्रांनो, उद्या एखाद्या शाळेचा पैसा तुमच्या हाती आला, तर किती उरला हे विचारण्याआधी एकदा वर्गात डोकावा. पोरांच्या अंगावर कोट आहेत का, तेवढे बघा.