कानावरचे तीन टक्के

या, जरा पुढे सरकून बसा. सतरंजी मोठी आहे, मागच्यांनाही जागा होईल. बुवा यायला अवकाश आहे, तोवर परळच्या धोंडू परबाच्या कानाची गोष्ट ऐका. देवापुढे बसून सांगायची, म्हणजे पदरचं काही घालायचं नाही.

धोंडू गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होता. एका छपराखाली शेकडो साचे खडखडत. कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचत. आज डब्यात काय आहे इथपासून मुकादमाला घातलेल्या शिवीपर्यंत सगळं ओठांवरूनच चाले. पुढे संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. खडखडाट थांबला, पण जाताना धोंडूचे कान घेऊन गेला. ओठ वाचायची सवय तेवढी उरली.

त्या सवयीवर त्याचं म्हातारपण बरं चाललं होतं. अडायचं ते फक्त कीर्तनात. चाळीच्या सप्ताहात तो पहिल्या रांगेत बसून बुवांच्या तोंडाकडे टक लावी. निरूपण कळायचं, हसायच्या जागी तो हसायचा, डोळे पुसायच्या जागी पुसायचा. पण बुवांनी चाल धरली, मागचे टाळकरी सुरात मिसळले, की त्याच्यापुढे नुसती तोंडं उघडत नि मिटत. चाल कधी ओठांवर दिसते का? आणि हा माणूस एके काळी भजनात सगळ्यांच्या वर आवाज लावणारा.

मुलगा चंदू बडोद्याला नोकरीला. गणपतीत आला तेव्हा आईच्या, म्हणजे शेवंताच्या, हातात आपलं बँकेचं एक कार्ड देऊन गेला. बाबांना सप्ताहाच्या आत कानाचं यंत्र घे, दर बघत बसू नकोस, म्हणाला. शेवंताने कार्डाचा गुप्त नंबर देवाच्या नामासारखा घोकून पाठ केला. सप्ताह बसायच्या दिवशी सकाळीच दोघं दादरला गेली.

दुकान मुद्दाम निवडलेलं होतं. मालक जयवंत म्हणजे राजाराम घाड्याचा मुलगा, आणि राजाराम धोंडूचा शेजारच्या साच्यावरचा जोडीदार. संपाच्या वर्षी धोंडूच्या गावाहून तांदूळ आला की पहिली पायली राजारामाच्या घरी जाई. तोच भात जेवून जयवंत वाढला. आता त्याच्या दारावर ठळक पाटी होती, गिरणी कामगारांना खास सवलत. शेवंताला ती वाचूनच भरून आलं.

जयवंत उठून आला, वाकून दोघांच्या पाया पडला, चहा मागवला. धोंडूशी बोलताना तो तोंड समोर धरून, एकेक शब्द सोडवून बोलत होता. बहिऱ्या बापाच्या घरात वाढलेला, त्याला शिकवावं लागलं नाही. कान तपासून एक यंत्र त्याने धोंडूच्या उजव्या कानात बसवलं आणि दोन्ही हात उघडून दाखवले: बसा असेच, कानाला सवय होऊ द्या.

धोंडूला आधी नुसती सूं सूं आली. मग पंखा ऐकू आला. मग कपबशी. शेवंताने त्याच्याकडे बघत हातातल्या बांगड्या मुद्दाम हलवल्या, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून ती पदराला नाक पुसत बसली. त्याला वाटलं, आज चाल ऐकू येणार. आज संध्याकाळी.

शेवंताने कार्ड काढून दिलं. जयवंत ते घेऊन पैसे घेणाऱ्या गुणवंतीकडे गेला आणि तिच्याशी बोलण्याआधी पाठमोरा झाला. मुद्दाम झाला. साचाखात्यातल्या म्हाताऱ्यांपुढे ओठ हलवायचे नसतात, हे त्याला घरातच कळलेलं. विसरला एवढंच, की त्या म्हाताऱ्याच्या कानात त्यानेच यंत्र घातलंय आणि ते चालू आहे.

"कार्डावर तीन टक्के वर लाव," तो म्हणाला. "बँकेचे म्हणून सांग. बँक एवढं घेत नाही, पण पाटीवरची सवलत आपण कुठून काढायची? मुलाचं कार्ड आहे, म्हातारा बहिरा, म्हातारी विचारणार नाही."

गुणवंतीने शेवंताला तसंच सांगितलं, बँकेचा चार्ज म्हणून. शेवंताने बरं म्हणून मान हलवली.

इतक्या वर्षांनी धोंडूला ऐकू आलेलं पहिलं अख्खं बोलणं हे. त्याने यंत्र काढलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि काउंटरवर ठेवलं. साचेवाल्यांना हळू बोलता येत नाही. सगळ्या दुकानाला ऐकू गेलं.

"जयवंता, पाठ कित्याक फिरवलंस रे? बापाशीक पण असोच फसवत होतंस?"

जयवंतचा चेहरा उतरला. तो लगबगीने पुढे आला, तोंड समोर धरून म्हणाला, "काका, चूक झाली. तुमच्याकडून नको. तुमच्यासाठी माफ."

धोंडूने ते ओठ नीट वाचले. मग रांगेत हातात कार्ड धरून बसलेल्या एका म्हातारीकडे बोट केलं. "आणि तिच्यासाठी?"

जयवंत गल्ल्याकडे वळला, पुन्हा पाठमोरा.

कार्ड परत घेऊन दोघं रस्त्यावर आल्यावर शेवंता चिडली. त्याच्या समोर उभी राहून म्हणाली, माफ करत होता ना तो? त्या मेल्यासाठी तुम्ही आजची चाल घालवलीत. दुसरीकडे घ्यायचं तर पुन्हा तपासणी, सप्ताह सरून जाईल. धोंडू म्हणाला, सरू दे. त्या यंत्रातून बुवांचा शब्द ऐकला असता, तर त्याला ह्याच्या थुंकीचा वास आला असता.

संध्याकाळी तो पहिल्या रांगेत बसला. बुवांनी चाल धरली. तोंडं उघडू मिटू लागली. शेवंता अजून रागात होती, तरी बायकांच्या बाजूने उठून त्याच्या मागे येऊन बसली आणि त्याच्या पाठीवर दोन बोटांनी ठेका धरू लागली. चाल नाही मिळाली. ठेका मिळाला.

मधेच बुवा थांबले. दारातून जयवंत हार घेऊन येत होता. आजच्या प्रसादाचा यजमान तोच. बुवा त्याचं कौतुक सांगू लागले. 'गिरणी कामगारांचा आधार', एवढं धोंडूने ओठांवरून वाचलं, आणि डोळे मिटून घेतले. ओठ वाचणाऱ्या माणसाने डोळे मिटले की तो खरा बहिरा. जयवंत बुक्का लावायला त्याच्यापुढे वाकला, थांबला, हाक मारून बघितली. धोंडूने डोळे उघडले नाहीत. बोट लागताच कपाळ मागे घेतलं.

आले बघा बुवा. आता एवढं करा. थोड्या वेळाने जो गृहस्थ हार घालेल त्याच्या नावाला टाळ्या पडतील, त्या पडू देत. तुम्ही मात्र टाळी वाजवायच्या आधी डोळे मिटलेल्या धोंडू परबाची एकदा आठवण काढा.