चाळिसावी फाइल

काकूंचं लाँड्रीचं दुकान बंद पडलं, त्यात कुणाचाच दोष नव्हता. लोकांनी घरोघरी कपडे धुण्याची मशिनं घेतली, एवढंच. अठरा वर्षं काकूंनी काउंटरवर उभं राहून शर्टांच्या कॉलरला नंबरचे बिल्ले टाचले होते. गठ्ठा घेताना मोजायचा, देताना मोजायचा, आणि खिसे तपासल्याशिवाय एकही कपडा पाण्यात जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा धर्म. दुकानाला कुलूप लागलं तेव्हा त्या त्रेचाळीस वर्षांच्या होत्या आणि घरी बसून भिंतींकडे बघणं त्यांना आठ दिवसांत असह्य झालं. नवव्या दिवशी त्यांनी वैद्यकीय नोंदींच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. हॉस्पिटलात पेशंटची फाइल कशी लावायची, कशी जपायची, आजाराला कोणता क्रमांक द्यायचा, हे सगळं तिथे शिकवतात.

वर्गातली बाकीची मुलं विशीतली. त्यांनी पहिल्याच दिवशी त्यांना काकू करून टाकलं, आणि महिनाभरात शिकवणारे सरही काकूच म्हणायला लागले.

सासूबाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं. "या वयात शिकून काय होणार? पी हळद अन् हो गोरी, असं असतं का गं कुठे?" पण आजारांच्या क्रमांकांचं जाडजूड पुस्तक घरात आलं, त्यात पोपट चावला तर त्यालासुद्धा वेगळा क्रमांक आहे हे त्यांना कळलं, आणि म्हातारी पुरती पाघळली. रोज संध्याकाळी चष्मा लावून त्या सुनेची परीक्षा घ्यायला बसू लागल्या. मुलगा, म्हणजे काकूंचा नवरा, कामावरून येऊन "कंबर धरलीये" म्हणाला, की आधी विचारायच्या, "कुठल्या क्रमांकाची?" बिचारा आपली कंबर धरून मुकाट्याने आत जायचा.

वर्षाच्या शेवटी दोन महिने हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये काम करायचं होतं. तिथल्या प्रमुख बाईंचं खरं नाव काहीही असो, सगळं हॉस्पिटल त्यांना तारीखबाई म्हणायचं. तुम्ही त्यांना "चहा घेतला" म्हणून सांगितलंत तरी त्या चष्म्यावरून बघून विचारायच्या, "केव्हा?" बिनतारखेचा कागद त्या हातात धरत नसत. "जे लिहिलं नाही ते घडलंच नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते त्या दिवसातून पाच वेळा ऐकवायच्या. शिकणाऱ्यांना त्यांनी एकेक वही दिली होती. रोजचं एक पान, त्यावर चार रकाने: काम, संख्या, चुका, सापडल्या. शेवटच्या दिवशी चार वाजता त्या वहीवर तारीखबाईंची सही. सही नाही, तर परीक्षा नाही. परीक्षा नाही, तर वर्ष पाण्यात आणि काकू परत भिंतींसमोर.

आता गोम अशी, की काकूंच्या वहीतला चुकांचा रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा होता, आणि पहिल्याच पानावर तो खोटा होता.

झालं होतं असं. पहिल्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात चाळीस फाइलींचा गठ्ठा आला. प्रत्येकीवर सहा आकडी नंबर, दोन-दोन आकड्यांच्या तीन जोड्यांत. त्या खोलीत नंबर शेवटून वाचायचा असतो. शेवटची जोडी म्हणजे कपाट, मधली म्हणजे खण, आणि पहिली म्हणजे खणातली जागा. असं केलं की नव्या पेशंटच्या सगळ्या फाइली एकाच कपाटात कोंबल्या जात नाहीत, शंभर कपाटांत सारख्या पांगतात. पुस्तकात हे काकूंनी वाचलं होतं, सासूबाईंना समजावूनही सांगितलं होतं. पण अठरा वर्षं बिल्ले डावीकडून वाचलेला माणूस! चाळीसच्या चाळीस फाइली त्यांनी सरळ वाचून लावून टाकल्या. दुपारी डबा खाताना ते लक्षात आलं आणि घास हातातच राहिला. तशाच उठल्या, कपाटामागून कपाट धुंडाळत उलट्या बसलेल्या फाइली काढल्या आणि योग्य जागी लावल्या. मोजल्या. एकोणचाळीस भरल्या. पुन्हा मोजल्या. त्या काही चाळीस होईनात.

कोणती राहिली हेही कळायला मार्ग नव्हता, कारण नंबरांची यादी त्यांनी केलीच नव्हती. पुढचे दहा दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या कपाटं चाळत राहिल्या. मग सोडून दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, असं खुद्द तारीखबाईच म्हणत नव्हत्या का? काकूंनी त्या वाक्याचा सोयीचा अर्थ काढला खरा, पण खोलीत कुणी "फाइल सापडत नाही" एवढं म्हटलं तरी त्या हातातलं काम टाकून कान टवकारायच्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजता खिडकीशी भूल देणारे डॉक्टर आले. त्यांच्या मागून काठी टेकत एक निवृत्त बस ड्रायव्हर. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन उद्या सकाळी आठला होतं.

"यांची जुनी फाइल हवी," डॉक्टर म्हणाले. "वॉर्डात आलेलीच नाही. मागच्या ऑपरेशनला एका औषधाचा यांना त्रास झाला होता. कोणतं औषध ते यांना आठवत नाही."

"त्रास कसला, पार दगड झालो होतो!" ड्रायव्हरकाका उत्साहाने सांगू लागले. "सकाळी सुई टोचली ती संध्याकाळपर्यंत बोट हलेना. मशीन माझ्या वतीने श्वास घेत होतं. नंतर त्यांनी नाव लिहून चिठ्ठी दिली, जन्मभर जपा म्हणाले. मी शर्टाच्या खिशात जपली. बायकोने शर्ट मशीनमध्ये टाकला."

"खिसे तपासायला नको का?" काकूंच्या तोंडून निघून गेलं.

"तेच मी तिला म्हणालो. तर म्हणते, शर्ट तुमचा, खिसा तुमचा!"

डॉक्टर हसले नाहीत. "नाव कळलं नाही तर मी उद्या भूल देणार नाही. ऑपरेशन पुढे जाईल."

"पुन्हा?" काकांचा चेहरा एकदम उतरला. "एकदा पुढे गेलंय, डॉक्टर. रात्र रात्र पोट धरून बसतो हो मी."

नंबर होता ४८-१२-०७. काकू सात नंबरच्या कपाटाकडे गेल्या. बारावा खण, अठ्ठेचाळीसची जागा. रिकामी. फाइल कुणी नेली की तिच्या जागी एक पिवळं कार्ड ठेवतात, कुठे गेली, केव्हा गेली ते लिहून. इथे कार्डही नव्हतं. मागच्या वेळी काका तपासणीला कधी आले होते ते काकूंनी रजिस्टरात पाहिलं. काकूंच्या पहिल्या दिवसाच्या आदल्याच दिवशी. तपासणीहून परतलेली ती फाइल त्याच गठ्ठ्यात असणार. चाळिसावी सापडली होती, म्हणजे निदान तिचा नंबर तरी.

सरळ वाचली तर ती अठ्ठेचाळीस नंबरच्या कपाटात, बाराव्या खणात, सातच्या जागी हवी. काकू धावल्या. तिथेही फाइल नव्हती. पण एक पिवळं कार्ड होतं. ०७-१२-४८, म्हणजे त्या जागेची खरी मालकीण, डोळ्यांच्या विभागात गेलेली. तारीख काकूंच्या पहिल्या दिवसाची. वेळ दुपारी बारा.

त्या कार्डाकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांना आपलं दुकान आठवलं. हरवलेला शर्ट दुकानात कधीच सापडायचा नाही. तो शेजारच्या गठ्ठ्यात शिरून कुणाच्या तरी घरी पोचलेला असायचा. सकाळी त्यांनी त्या जाडजूड फाइलीला खेटून काकांची बारीकशी फाइल सरकवली असणार, आणि बाराला कुणीतरी दोन्ही एकदमच ओढून नेल्या असणार. त्या एकच्या सुमारास शोधायला निघाल्या, तोवर पाखरू उडालेलं.

आता डोळ्यांच्या विभागातून ती जाड फाइल मागवायची. पण दुसऱ्या पेशंटची फाइल कुणालाही उगाच मागता येत नाही. मागणीची चिठ्ठी भरावी लागते आणि तिच्यावर "कारण" असा एक रकाना असतो. काकूंनी चिठ्ठी घेतली, पेन उघडलं. "तपासणीसाठी" असं लिहिलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. फाइल आली असती, काकांचं काम झालं असतं आणि चार वाजता वहीवर सहीही झाली असती. सापही मेला असता आणि काठीही वाचली असती. पेनाचं टोक कागदावर टेकलं. त्यांना भयंकर भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. दोन महिने खोटा कोरा रकाना सांभाळला, आता त्याच्यासाठी दुसऱ्या कागदावर खोटं लिहायचं. खिडकीशी बाकावर ड्रायव्हरकाका काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

काकू कोरी चिठ्ठी घेऊन तारीखबाईंच्या टेबलापाशी गेल्या.

"फाइल कुठे आहे ते मला कळलंय, बाई. ती मीच चुकीच्या जागी लावली होती."

"केव्हा?"

काकूंनी तारीख सांगितली. वेळही सांगितली.

"एकच?"

"चाळीस. दुपारी एकोणचाळीस शोधल्या आणि नीट लावल्या. ही राहिली. मी कुणाला सांगितलं नाही."

तारीखबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग चिठ्ठी ओढून घेतली, कारणाच्या रकान्यात "आमच्याकडून दुसरी फाइल चुकून आत गेली" असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. "त्यांचं कपाट साडेतीनला बंद होतं," एवढंच म्हणाल्या.

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून धावू नये असा नियम असेल तर तो त्या दिवशी मोडला. डोळ्यांच्या विभागातल्या क्लार्कने चिठ्ठी दोनदा वाचली, काकूंकडे एकदा पाहिलं, आणि कपाटातून जाडजूड फाइल काढली. तिच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटून काकांची फाइल निवांत पडली होती. काकूंनी क्लार्कसमोरच नंबर वाचला, शेवटून. शून्य सात, बारा, अठ्ठेचाळीस. जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी तिथेच खिडकीशी फाइल उघडली. आतल्या बाजूला लाल अक्षरांत औषधाचं नाव आणि खाली दोन रेघा मारून "देऊ नये". "हेच," ते म्हणाले. "याच्याऐवजी दुसरं आहे माझ्याकडे. उद्या आठला ठरलं." त्यांनी नाव दोन ठिकाणी लिहून घेतलं, एका चिठ्ठीवर लिहून काकांच्या हातात दिलं आणि फाइल घेऊन निघाले.

काकूंना राहवलं नाही. "काका, तुमची फाइल मीच चुकीच्या ठिकाणी ठेवली होती. तुमचं ऑपरेशन माझ्यामुळे राहणार होतं."

ड्रायव्हरकाकांनी त्यांना खालपासून वर न्याहाळलं. "फाइलच ना? मी एकदा अख्खी बस चुकीच्या गावाला नेली होती. चाळीस माणसं आत. सगळी झोपलेली, एकानेही हटकलं नाही."

"मग काय केलंत?"

"काय करणार? सगळ्यांना उठवलं, सांगितलं आणि वळवली. न सांगता वळवता येते का हो बस?"

नवीन चिठ्ठी काकांनी या वेळी चष्म्याच्या डबीत ठेवली. डबी धुवायला जात नाही, म्हणाले.

काकूंनी सात नंबरच्या कपाटात, रिकाम्या जागी पिवळं कार्ड लावलं, वॉर्डाचं नाव आणि तारीख घालून. चार वाजता वही घेऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या. सही होणार नाही हे त्यांनी मनाशी धरूनच टाकलं होतं. सासूबाईंना काय सांगायचं याची जुळवाजुळव चालू होती.

तारीखबाईंनी पानं उलटली. "दोन महिने मी हा कोरा रकाना बघतेय," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांत एकही चूक नाही, अशा वहीवर मी आजवर सही केलेली नाही. चुका लपवणाऱ्याच्या हातात मी लोकांचे जीव देत नाही. आजही केली नसती." त्यांनी पहिलं पान उघडून वही काकूंसमोर सरकवली. "लिहा."

काकूंनी चुकांच्या रकान्यात "चाळीस" लिहिलं. शेजारी पहिल्या दिवसाची तारीख घालायला लागल्या, तोच टेबलावर बोट आपटलं.

"मागची तारीख नाही. घडलं तेव्हाची पानावर छापलेलीच आहे. लिहिलंत आज, तर आजची घाला."

काकूंनी आजची घातली.

"आणि सापडल्या किती?"

पेन एकदम हलकं झालं. काकूंनी लिहिलं: "चाळीस."

तारीखबाईंनी सही केली. मग वही मिटता मिटता थांबल्या. "चुकीच्या जागी फाइल सगळेच लावतात हो. पण एक कमी आहे, हे कुणाला कळतच नाही. तुम्ही कशा काय मोजल्या?"

"लाँड्री होती माझी," काकू म्हणाल्या, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच तारीखबाईंनी "केव्हा?" असं न विचारता नुसतं विचारलं, "परीक्षा झाल्यावर येणार ना इथे?"